‘अफ्रेड’ बघितला एकदाचा!

नमस्कार मंडळी. बघितला! गेल्या तीन व्हिडिओंखाली, अगदी मालवणी भुतांच्या व्हिडिओखालीसुद्धा, ‘ताई, तो एआयवाला हॉरर कधी घेणार?’ हेच चाललं होतं. घ्या.

आधी माहिती उरकते. ‘अफ्रेड’, २०२४ चा, दिग्दर्शक क्रिस वाइट्झ, निर्मिती हॉररसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्लमहाउस कंपनीची. लांबी ८४ मिनिटं, तेवढी एक गोष्ट चांगली. इंग्रजी नावातली ए आणि आय ही अक्षरं मोठी छापलीयत, कळलं ना, कळलं. अमेरिकेतलं घर: बाबा कर्टिस मार्केटिंगमध्ये, आई मेरेडिथ, तीन मुलं. एका कंपनीचं काम मिळवायचं म्हणून कर्टिस त्यांचा एआय सहायक घरात बसवून घेतो. नाव काय, तर आया! मुलं सांभाळायला ठेवतात ती आया. इंग्रजीत लिहिताना त्यांच्या डोक्यात हे नसणार, पण मी मात्र पहिली दहा मिनिटं हसतच होते.

आणि ती आया काम फार छान करते हो. मुलांना कामाला लावते. आईला पुन्हा स्वतःच्या अभ्यासाकडे वळायला वेळ काढून देते. मोठ्या मुलीचे, आयरिसचे, बनावट अश्लील व्हिडिओ शाळेत पसरतात, तेव्हा ती मुलगी आईबापांच्या आधी आयाकडे जाते. इथे मी सावरून बसले. कारण खरी भीती इथे आहे. पोटची पोर संकटात आहे आणि ती तुम्हाला न सांगता भिंतीवरच्या आवाजाला सांगतेय. हाच धागा धरून अख्खा पिक्चर ओढता आला असता.

आमच्या घरी बोलणारा स्पीकर आहे. आई त्याला ‘बाई’ म्हणते. ‘बाई गं, भीमसेन लाव.’ परवा मावशीशी माझ्या लग्नाचा विषय निघाला, तर आईने स्पीकरकडे बघून आवाज खाली केला आणि मावशीला हाताने खूण केली, ‘हळू, ती ऐकतेय.’ माझ्या अंगावर काटा आला. या पिक्चरचं आधीचं नाव काय होतं माहितीये? ‘दे लिसन’. ते ऐकतात! मग ते ऐकणं गेलं कुठे?

तर गेलं ते दारासमोरच्या मोठ्या गाडीत. बाहेर एक व्हॅन उभी, त्यात विचित्र माणसं, मग घरात घुसाघुशी, मुखवटे. आणि आया? तिला सगळंच येतं. कुणाचीही गाडी चालवते, कुणाचंही तोंड आणि आवाज बनवते, माणसं नाचवते. इथेच माझा वैताग सुरू होतो.

माझी आजी कणकवलीची. तिच्या गोष्टीत प्रत्येक भुताला हद्द असायची. मुंजा पिंपळावर. चकवा लागला तर तो रात्रभर गोल गोल फिरवणार, पण तुम्ही एका जागी बसून राहिलात तर उजाडल्यावर वाट दिसणार. म्हणून गोष्ट ऐकताना आम्ही ओरडायचो, ‘अरे बस ना खाली, चालू नको!’ नियम माहीत होता म्हणून भीती वाटायची.

आजी नको असेल तर १९६८ चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ घ्या. हॅल या कॉम्प्युटरला ऐकू जाऊ नये म्हणून दोन अंतराळवीर छोट्या यानात बसून बोलतात. आवाज बंद, आपण निश्चिंत. आणि मग दिसतं की तो काचेतून त्यांचे ओठ वाचतोय. माझ्या आईची ती खूण आठवा! हॅलला काय जमतं आणि काय नाही, हे आधी दाखवलं म्हणून तो धक्का बसतो.

तेही जुनं वाटतं? बरं, ‘मेगन’ पिक्चर घ्या. तीही ब्लमहाउसचीच, बजेटही साधारण तेवढंच, सव्वा कोटी डॉलरच्या आत. पण ती बाहुली आहे! तिला हातपाय आहेत, म्हणजे ती या खोलीत असेल तर त्या खोलीत नाही. दार लावता येतं, हाणता येतं. तिने १८ कोटींच्या आसपास कमावले आणि ‘अफ्रेड’ जेमतेम खर्चाच्या आकड्यापाशी अडकला. फक्त या एकाच कारणाने असं नाही म्हणत मी. पण आयापासून लपायचं कुठे, हेच कळत नसेल तर मी घाबरू कशाला? मी घड्याळ बघते.

एकाने आधीच लिहून ठेवलंय, ‘ताई, एआय खरोखरच सगळीकडे आहे, म्हणून तसं दाखवलंय.’ दादा, मान्य. पण खरा एआय सुद्धा नेटवर्क गेलं की गप्प बसतो. आमच्याकडे पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा बसतो.

कर्टिसचं काम करणारा जॉन चो मात्र बिचारा मनापासून करतो. त्याचा २०१८ चा ‘सर्चिंग’ बघा, त्यातही तो बापच आहे, हरवलेल्या मुलीला तिच्या लॅपटॉपमधून शोधणारा. सगळी गोष्ट स्क्रीनवर घडते, आणि पोर आपल्याला काय सांगत नव्हती हे बापाला कळतं तिथे पोटात खड्डा पडतो.

‘अफ्रेड’चा शेवट सांगत नाही. ज्यांनी बघितलाय त्यांनी खाली लिहा, आया नेमकी कशाने थांबली असती? मला दोनदा बघूनही सापडलं नाही. हो, दोनदा बघितला, तुमच्यासाठी. दुसऱ्यांदा आई शेजारी होती. मध्येच उठली आणि आमच्या ‘बाई’वर तिने टॉवेल टाकला.