परदेशात गप्पा मारायच्यात? आधी मान सांभाळा!

काय मंडळी, बरं हाय नव्हं? सांगलीतून बोलतोय. टर्कीच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पडतोय, "दादा, त्यांना इंग्लिश येत नाही, तुम्हाला टर्किश येत नाही, मग एवढ्या गप्पा कसल्या हाणत होता?"

व्हिसा, सिम, पैसे यावर ढीगभर व्हिडिओ पडलेत, ते बघा. ट्रान्सलेटर ॲप ऑफलाइन घेऊन ठेवा. झालं. फक्त ते सारखं बाहेर काढू नका राव! समोरचा चहा पुढं करतोय आणि तुम्ही त्याच्या तोंडाजवळ मोबाईल धरताय, पंचनामा चालल्यासारखा. माणूस गप्पच होतो ओ.

खरी मेख मानेत आहे. टर्कीत 'नाही' म्हणायला हनुवटी वर उचलतात, भुवया वर, आणि जिभेनं बारीक 'च्'. [करून दाखवतो] आता हेच परत बघा, पण सांगलीच्या नजरेनं. हनुवटी वर, भुवया वर. आपल्याकडं ह्याचा अर्थ काय? "काय म्हणतोस?"

आमच्या मामांचं ऐका. तासगावची द्राक्षबाग, स्वतःचं बेदाणा शेड. इझ्मीरच्या केमेराल्ती बाजारात बेदाण्याचा ढीग दिसला आणि मामा थांबलेच. टर्कीचा बेदाणा जगभर जातो, आणि तो जास्त करून ह्याच एजियन समुद्राकाठच्या पट्ट्यातला. मामांनी एक दाणा उचलला, वर हाताचं छप्पर केलं: सावलीत वाळवता का? दुकानदारानं हनुवटी उचलली. मामांना वाटलं, ह्याला कळलं नाही. मग मोठ्यानं, शुद्ध मराठीत, "अहो, सावलीत! सावलीत वाळवता का?" परत हनुवटी. शेवटी मामांनी डोक्यावरची टोपी काढून ढिगावर धरली. तो बिचारा पहिल्यापासून 'नाही'च म्हणत होता!

खरंच नाही. ते द्राक्षं पोटॅश आणि ऑलिव्ह तेलाच्या पाण्यात बुडवून उन्हात जमिनीवर पसरतात, म्हणून दाणा सोनेरी-तपकिरी. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये जाळीच्या रॅकवर वाळवतो, म्हणून हिरवा राहतो. मामांनी खिशातली पुडी सोडली. दुकानदारानं आपला हिरवा दाणा उजेडात धरला, मग पांढऱ्या रुमालावर घासला. रंग दिलाय का बघत होता! मामांचा चेहरा बघायला पाहिजे होता. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली जीआय मानांकन, म्हणजे 'हा माल ह्याच भागाचा' असा सरकारी शिक्का, मिळालंय, आणि हा रुमालावर घासतोय.

कुणीतरी खाली लिहिलंय, "मग सरळ मान हलवून विचारायचं." बरं, बल्गेरियाला गेलात तर? तिथं 'हो'ला मान आडवी आणि 'नाही'ला उभी, म्हणजे आपल्या बरोब्बर उलटं. हॉटेलात "शाकाहारी आहे का?" विचारलंत आणि त्यानं आडवी मान हलवली की तुम्ही उपाशी बाहेर.

आणि दुसऱ्याला कशाला हसताय? आपली ती डावी-उजवी डुलणारी मान बघा. [डुलवतो] हे 'हो' आहे? 'बघू' आहे? 'चालतंय की' आहे? रुमालवाल्यानं मामांना विचारलं, आणखी चहा? मामांनी मान डुलवली. त्यानं ग्लास भरला. परत विचारलं, परत डुलवली, परत भरला. तिथं नको असेल तर चमचा ग्लासावर आडवा ठेवायचा, विषय संपला. मी सांगितलं होतं. मामा म्हणाले, "माणूस प्रेमानं देतोय, चमचा कसला आडवा घालतोस?"

म्हणून माझं एकच मागणं. हो-नाहीचा प्रश्न विचारूच नका. दोन वस्तू दाखवा आणि बोट करायला लावा: हे का ते? बोटाचा अर्थ इस्तंबूलपासून इस्लामपूरपर्यंत तोच. आणि वय, लग्न, मुलं किती, हे तेही पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, लाजू नका. फोटो तयार ठेवा. शेडचा फोटो बघून त्या माणसानं शेजारच्या दोन दुकानदारांना हाक मारली होती.

ता.क. तासगावकर, कमेंटमध्ये "तिथं किलोला काय दर?" एवढंच विचारताय तुम्ही! मामांनी बजावलंय, यंदाचे सौदे उरकल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही.