वडील वारले कधी?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई उच्च न्यायालयाचे गेल्या तीन-चार वर्षांतले काही निकाल आज तुमच्यासमोर ठेवणार आहे. एक वारसाहक्काचा, एक लोकलमधून पडलेल्या माणसाचा, एक शाळाप्रवेशाचा, एक भोंग्यांचा, एक रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. उच्च न्यायालयानं कायद्याचा अर्थ एकदा सांगितला, की तालुक्याच्या कोर्टापासून जिल्हा कोर्टापर्यंत राज्यातल्या सगळ्या न्यायालयांना तो पाळावा लागतो. खटला कुणा परक्याचा असतो, पण लागू तो तुमच्याही सातबाऱ्याला होतो.

सुरुवात जमिनीपासून करतो. नोव्हेंबर 2024 मधला निकाल. एक गृहस्थ 1952 साली वारले. त्यांची पहिली बायको आधीच गेलेली, तिची मुलगी होती. दुसरी बायको हयात होती, तिचीही एक मुलगी. नवऱ्यामागे मिळकत दुसऱ्या बायकोकडे आली आणि पुढे तिनं ती मृत्युपत्रानं आपल्या मुलीला दिली. पहिल्या बायकोची मुलगी कोर्टात गेली, म्हणाली, वडील माझेही होते, मला अर्धा हिस्सा द्या. या मुद्द्यावर आधी उच्च न्यायालयातल्याच दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली होती, म्हणून प्रश्न द्विसदस्यीय खंडपीठाकडे गेला. खंडपीठानं सांगितलं, की वडील हिंदू वारसा कायदा येण्याआधी वारले आणि मागे विधवा होती, तर मुलीला हिस्सा नाही.

हिंदू वारसा कायदा लागू झाला 17 जून 1956 रोजी. पुन्हा सांगतो, 17 जून 1956. वडील त्याआधी वारले की नंतर, यावर मुलीचा हक्क ठरतो. हा निकाल वाचून मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण 1952 साली उघडलेल्या वारशाला 1956 चा कायदा मागे नेऊन लावायचा अधिकार न्यायालयाला नाही, हेही तितकंच खरं आहे.

आणि ही तारीख काय चीज आहे, ते मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

आमची आत्या. कोल्हापूर जिल्ह्यातलं आमचं गाव, नदीकाठची थोडी काळी जमीन. आजी लवकर गेली, मग आजोबा गेले, तेव्हा आत्या जेमतेम दुसरीतिसरीत. पुढं लग्न होऊन ती सासरी गेली आणि जमीन थोरल्या काकांच्या आणि माझ्या वडिलांच्या नावावर राहिली. नव्वदच्या दशकात आत्याचा नवरा वारला, सासरी तिचं कुणी बघेना. तिनं भावांकडे हिस्सा मागितला. माझे वडील म्हणाले, देऊन टाकू. थोरले काका म्हणाले, कायद्यानं बसत नाही, आबा छप्पनच्या आधीच गेले.

आता हे बघा. महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या मुलींना त्यातून वगळलं. आत्या वगळली गेली. देशभराची दुरुस्ती आली 2005 ला, म्हणजे ती तेव्हा फार लांब होती. आत्याला उरला एकच दरवाजा, 1956 चा कायदा. आजोबा त्या तारखेनंतर वारले असतील, तर त्यांच्या वाट्यात मुलांच्या बरोबरीनं मुलीचाही हिस्सा. आधी वारले असतील, तर काही नाही.

काका शपथेवर सांगायचे, गांधीहत्येनंतर गावात जाळपोळ झाली, त्यानंतर चार-पाच वर्षांत आबा गेले. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी तीच साक्ष दिली. आपल्याकडे साल कोण लक्षात ठेवतो? पानशेत फुटलं तेव्हा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, असंच सांगतात. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात कोतवाल बुकात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज केला, काकांनी सांगितलेल्या सालांची बुकं काढली, नोंद सापडली नाही. तालुका कोर्टानं दावा फेटाळला.

त्या दिवशी आत्या आमच्याकडे मुक्कामाला होती. मी कॉलेजात होतो, तिच्याशेजारी बसलो होतो. ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आबांच्या तेराव्याला मला वाण्याकडं गूळ आणायला धाडलं. त्यानं उरलेले पैसे दिले ते भलतेच दिले. एवढंसं तांबडं नाणं. मी रडत घरी आले, वाण्यानं फसवलं म्हणून. मग तात्या हसले. म्हणाले, अगं, हा नवा पैसा, सरकारनं आत्ताच काढलाय."

श्रोतेहो, नवा पैसा चलनात आला 1 एप्रिल 1957 रोजी. तोवर रुपयाचे सोळा आणे होते, त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे आजोबांचं तेरावं 1 एप्रिल 1957 च्या आधी होणं शक्यच नव्हतं!

माझ्या वडिलांनी तसाच वकिलांना फोन लावला. वकील म्हणाले, नाण्याच्या आठवणीवर कोर्ट हुकूमनामा देणार नाही, पण आता बुक कुठल्या सालाचं काढायचं ते कळलं. 1957 चं बुक काढलं. आमच्या गावची पानं मोडी लिपीत. कारकुनाला मोडी येईना. एक निवृत्त मास्तर शोधून आणले. ते पानावर बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेले आणि श्रावणातल्या एका नोंदीवर थांबले. आजोबांचं नाव, वय, कारण ताप. आत्यानं ते पान हातानं चाचपून पाहिलं. तिला अक्षर एक वाचता येत नव्हतं.

इथं एक सांगायलाच हवं. मोडी वाचणारी माणसं आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहेत, आणि निम्म्या महाराष्ट्राच्या जमिनीचा जुना पुरावा मोडीत पडून आहे. प्रत्येक तालुक्याला एक पगारी मोडी वाचक नेमावा, असं माझं ठाम मत आहे. इतिहासाच्या हौसेसाठी मी हे म्हणत नाही, बायकांच्या हिश्शासाठी म्हणतो. आणि दिवाळीच्या साफसफाईत जुने कागद बंबात घालू नका, एवढी विनंतीही करून ठेवतो.

तर, जिल्हा न्यायालयात अपील केलं. नोंदीची नक्कल अपिलात नवा पुरावा म्हणून दाखल करायला परवानगी मिळाली आणि निकाल आत्याच्या बाजूनं लागला. काका दुसऱ्या अपिलात मुंबईला उच्च न्यायालयात गेले. वकील आत्याला म्हणाले, तुम्ही यायची गरज नाही. ती म्हणाली, मी येणार. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर बसून गेलो, सकाळी व्हीटीला उतरलो, चालत कोर्टात पोचलो. तो दगडी जिना, काळ्या कोटांची गर्दी, भिंतीवर लावलेला बोर्ड. आमचा नंबर दुपारी लागला. न्यायमूर्तींनी काकांच्या वकिलांना विचारलं, यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कोणता? वकील पुन्हा म्हाताऱ्यांच्या साक्षीकडे गेले. न्यायमूर्ती म्हणाले, मृत्यू कधी झाला ही वस्तुस्थिती आहे, ती जिल्हा न्यायालयानं नोंद पाहून ठरवली आहे. अपील दाखल करून घेतलं नाही. बाहेर येऊन आत्या मला विचारते, "झालं? एवढंच?"

एवढंच. दुसरं अपील म्हणजे सगळी भांडणं पहिल्यापासून ऐकणं नव्हे. खालच्या कोर्टानं कायदा चुकीचा लावला का, एवढंच उच्च न्यायालय बघतं. पुन्हा सांगतो, पुरावा खालीच द्यायचा असतो. मुंबईला गेल्यावर कागद शोधून उपयोग नसतो.

परतीच्या गाडीत काका आमच्याच डब्यात निघाले. बराच वेळ कुणी बोललं नाही. कर्जतच्या पुढं घाट लागला तेव्हा आत्यानं दशमीचं फडकं सोडलं आणि म्हणाली, "दादा, सकाळपासनं काही खाल्लंस का?" काका उठून तिच्याशेजारी येऊन बसले. मोजणी झाली, हिस्सा मिळाला, त्या वर्षी भाऊबीजेला काका तिच्या घरी गेले.

आता बाकीचे निकाल, वेळ थोडा आहे.

मुलींच्याच हक्काचा एक निकाल याच उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा, मार्च 2023. भाऊ म्हणाले, बहिणीला लग्नात हुंडा दिला, तिचा हिस्सा संपला. न्यायमूर्ती सोनक यांनी सांगितलं, की हुंडा दिला म्हणून मुलीचा घरच्या मिळकतीतला हक्क संपत नाही. हे वाक्य पाठ करा.

लोकलचा निकाल, एप्रिल 2022. एक ज्येष्ठ नागरिक 2011 मध्ये दादरला गर्दीच्या रेट्यात गाडीतून पडले. रेल्वेचं म्हणणं, चूक त्यांचीच. दावा न्यायाधिकरणानं नाकारला. अपिलात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी तीन लाखांहून जास्त भरपाई मंजूर केली. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये चढताना कुणाचा धक्का लागून प्रवासी पडला, तर तो कायद्यातला अपघातच, आणि भरपाईसाठी रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. पास जपून ठेवा.

शाळेचा निकाल, जुलै 2024. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना आहेत. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट, असा नियम राज्य सरकारनं त्याच वर्षी फेब्रुवारीत काढला होता. उच्च न्यायालयानं तो रद्द केला. धुणंभांडी करणाऱ्या बाईचं पोर आणि डॉक्टरांचं पोर एका बाकावर बसावं, याच्याइतकं चांगलं शिक्षण दुसरं नाही, असं मला वाटतं.

भोंगे. जानेवारी 2025. कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांची याचिका. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, कुठल्याही, असं न्यायालय म्हणालं. रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आणि पोलिसांनी तक्रार करणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही. पुन्हा सांगतो, तुमचं नाव उघड होता कामा नये. परीक्षेच्या दिवसांत हे लक्षात ठेवा.

खड्डे. ऑक्टोबर 2025. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला 6 लाख रुपये, जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. आणि ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून, कंत्राटदारांकडून वसूल करायची. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, ते आठवत असेल. एखाद्या कंत्राटदाराच्या खिशातून पैसे जातील, तेव्हाच झाकणं जागेवर बसतील.

एक आनंदाची गोष्ट. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना आता मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही. वकिलांनी, नागरिकांनी यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. निकाल मात्र अजून इंग्रजीतच लिहिले जातात. तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, मग वरचा निकाल आत्यासारखीला तिच्या भाषेत त्याच दिवशी का मिळू नये? भाषांतरं होऊ लागली आहेत, ती सगळ्या निकालांची व्हायला हवीत.

शेवटी मुदती, कागद-पेन्सिल घ्या. तालुका कोर्टाच्या दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस. उच्च न्यायालयात 90 दिवस. पुन्हा, जिल्ह्याला 30, हायकोर्टाला 90. निकाल लागला की त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज टाका, नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. मालमत्तेच्या वादात महिलांना आपल्या राज्यात 1994 पासून कोर्ट फी माफ आहे. आणि महिलांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर 15100 या क्रमांकावर फोन करा. एक पाच एक शून्य शून्य.

नमस्कार.