सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी

नाशिक जिल्ह्यात कांद्याचा हिशेब लिहिणारे तुमच्यापैकी बरेच जण आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एकाच शेतकऱ्याच्या दोन ट्रॉल्या एकाच दिवशी लिलावाला आल्या, दोन्ही 20 क्विंटल भरल्या आणि भावही एकच निघाला, तर एक्सेलमध्ये दोन ओळी तंतोतंत सारख्या दिसतात. मी एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचो, तेव्हा नकला काढण्यासाठी लिहिलेल्या माझ्या मॅक्रोने, म्हणजे एक्सेलमधलं काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, अशीच एक ओळ उडवली. चांदवडकडचे ते काका काटापावती घेऊन दोनदा हेलपाटा घालून गेले, तेव्हा कुठे माझी चूक सापडली. तेव्हापासून पावती क्रमांकाचा रकाना धरल्याशिवाय मी मॅक्रो चालवत नाही. नाव, तारीख, वजन जुळलं म्हणजे नक्कल नव्हे. पावतीही तीच असेल तर नक्कल.

‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ ही सोय एक्सेल 2007 पासून आहे आणि व्हीबीएत, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेत, ती एका ओळीत बसते. पहिली नोंद राहते, नंतरच्या जातात. पण ती फक्त तुम्ही दिलेल्या पट्ट्यातल्याच (रेंजमधल्याच) पेशी काढते. पट्टा ए ते डी दिलात आणि रक्कम ई रकान्यात असेल, तर नावं वर सरकतात, रकमा जागेवरच राहतात, आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतात. म्हणून पट्टा अख्ख्या तक्त्याचा द्या. ताडायचे रकाने तेवढे निवडून सांगा.

लूप, म्हणजे एकेक ओळ तपासत जाणारा मॅक्रोचा भाग, स्वतः लिहिणार असाल तर खालून वर या. पाचवी ओळ काढली की सहावी तिच्या जागी येते, आणि वरून येणारा लूप तिला न बघताच पुढे जातो.

आता आपल्या मराठी याद्यांचं खास दुखणं. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एकाने ‘ऱ’ वापरून टाइप केलेलं असतं, दुसऱ्याने साध्या ‘र’ला हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर फरक नाही, पण मॅक्रोतल्या डिक्शनरीला (आधी आलेली नावं लक्षात ठेवणाऱ्या यादीला) ती दोन माणसं वाटतात. नावामागे राहिलेली मोकळी जागाही तसंच फसवते. ती ट्रिम या फंक्शनने जाते. ‘ऱ’साठी रिप्लेस हे फंक्शन लागतं, आणि व्हीबीएच्या खिडकीत थेट देवनागरी लिहिलं तर बहुतेक वेळा प्रश्नचिन्हं उमटतात. तिथे अक्षरांचे क्रमांक द्यावे लागतात: र 2352, ऱ 2353, हलंत 2381, जोडचिन्ह 8205. 2352, 2381, 8205 हा क्रम सापडला की त्याजागी 2353, 2381 ठेवा, मगच नावं ताडा.

मॅक्रोने काढलेली ओळ कंट्रोल-झेडने परत येत नाही. आधी शीटची प्रत करा. पहिल्या फेरीत तर ओळ काढूच नका, नुसती पिवळी करा. पिवळ्या ओळींचा कागद छापून काट्यावरच्या माणसापुढे धरा; त्या दिवशी खरंच दोन ट्रॉल्या आल्या होत्या का, ते त्याला बहुधा पावती न बघताही आठवतं.