शंख, गवताचं पातं आणि कानाचा सर्जन

नमस्कार मंडळी, हा शंख बघा, आज सकाळीच देवबागच्या वाळूत मिळाला, जरा कॅमेऱ्याजवळ धरते, आत कसा वळत वळत निमुळता होत गेलाय बघा. आपल्या कानात खोल आत असाच एक शंख असतो, साधारण अडीच वेटोळ्यांचा, वाटाण्याएवढा, त्याला कॉक्लिया म्हणतात. मी ईएनटीची, म्हणजे कान-नाक-घशाची रेसिडेंट डॉक्टर आहे, शेवटचं वर्ष चालूय, आणि बारावी सायन्सची मुलं सारखी विचारतात की ताई, कॉक्लियर इम्प्लांटचं ऑपरेशन करणारा डॉक्टर व्हायचं तर काय करावं लागतं, तर आज तेच सांगते. कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांसाठीचं यंत्र, त्याची तार कॉक्लियात घालतात आणि आवाज पकडणारं मशीन बाहेर कानाला लावतात.

आधी या शंखाची गोष्ट. ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क म्हणून कानाचे सर्जन, त्यांच्या वडिलांचं औषधाचं दुकान होतं आणि वडिलांना नीट ऐकू यायचं नाही, ते बघतच हे मोठे झाले. पुढे त्यांनी इम्प्लांट बनवायला घेतलं पण इलेक्ट्रोडची तार त्या वेटोळ्यात पुरेशी आत जाईना. १९७७ मध्ये सुट्टीत बीचवर असताना त्यांनी एक शंख उचलला आणि गवताचं पातं आत सरकवून बघितलं, टोकाला लवचिक आणि बुडाशी ताठ असलेलं पातं बरोबर वळत आत गेलं! तार तशीच बनवायची हे तिथे कळलं आणि १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांनी आपलं पहिलं इम्प्लांटचं ऑपरेशन केलं. आपण पण लहानपणी शंखात काड्या घालत बसायचो, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

आता डॉक्टर व्हायचा रस्ता. आधी नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा, मग एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट पीजी, ईएनटीत एमएस तीन वर्षं, त्यानंतर कानाच्या सर्जरीची फेलोशिप, म्हणजे तिशी येतेच. आपल्याकडे ही सर्जरी रुजवणाऱ्यांमध्ये मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने, त्यांना २०१४ ला पद्मश्री मिळाली.

हात कसा तयार होतो तर हाडावर. देहदानातून आलेलं कानामागचं हाड मायक्रोस्कोपखाली ड्रिल करायचं, तासन् तास, पाणी सोडत सोडत. चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते, तिच्या शेजारच्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून कॉक्लियापर्यंत पोचायचं असतं. माझ्या पहिल्या हाडात ती नस मी कापली. सर काही बोलले नाहीत, फक्त दुसरं हाड पुढे ठेवलं, ती रात्र मी विसरलेली नाही.

पण खरं सांगू, ऑपरेशन दोन-तीन तासांत होतं, मूल त्याआधी आपल्यापर्यंत किती लवकर पोचलं यावर सगळं अवलंबून असतं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बाळाचं इम्प्लांट जितकं लवकर तितकी भाषा चांगली येते. ओपीडीत आई सांगते, "डॉक्टरानु, हाक मारल्यार झील बघणा नाय," आणि मागून आजी म्हणते, "ह्येचो बापूस पण उशिराच बोललेलो." या एका वाक्यात दोन-दोन वर्षं गेलेली मी बघितलीयत! म्हणून बाळ जन्मलं की ओएई ही ऐकण्याची पहिली तपासणी करून घ्या, झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं बूच ठेवून करतात, काहीही दुखत नाही, आणि त्यात शंका आली तर बेरा, म्हणजे कानाचा आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट. खर्चाचं म्हणाल तर लहान मुलांसाठी केंद्राच्या एडीआयपी या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून इम्प्लांट मिळू शकतं, चौकशी मुंबईत बांद्र्याच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच्या संस्थेत करा.

ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी स्विच-ऑन, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा चालू करणं, आणि पहिला आवाज ऐकून बरीच मुलं चक्क रडतात, कारण त्यांना ते काय आहे तेच माहीत नसतं. मग मॅपिंग, म्हणजे मशीनचे आवाज त्या मुलाला सोसतील तसे बसवणं, मग एक-दोन वर्षं ऐकण्या-बोलण्याची थेरपी, घरी आईने नळ सोडला की "पाणी", कुकर वाजला की "शिट्टी" असं दिवसभर बोलत राहायचं. चांगला सर्जन या सगळ्यात सोबत राहतो, टाके काढून मोकळा होत नाही.

आणि कोकणातल्या पालकांनो, बाहेरचं मशीन म्हणजे प्रोसेसर, त्याला आपल्या पावसाळ्यातली दमट हवा अजिबात सोसत नाही, रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. आमच्याकडे येणारा एक छोटा आता सकाळी डोळे उघडले की ती डबी घेऊन स्वतःच आईकडे जातो आणि कान पुढे करतो.