मिसळलात का? पावती दाखवा!

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘स्थलांतरितांचं सामावून जाणं आणि ब्रिटनच्या हुजूर पक्षातली नेतेपदाची निवडणूक’. हे वाचूनही तुम्ही एवढे जण आलात, म्हणजे आज आयपीएलला सुट्टी दिसते. मी मूळची मिरजेची. १९८८ साली लग्न होऊन इंग्लंडला गेले आणि मिडलंड्समधल्या एका गावात औषधांच्या दुकानात उभं राहून नोकरीची सगळी वर्षं काढली. काउंटरमागून माणसं बघण्यापलीकडे माझा राज्यशास्त्राचा काही अभ्यास नाही.

पण एक किडा फार वर्षांपासून डोक्यात आहे. बाहेरून आलेला माणूस नव्या देशात मिसळला, हे ओळखायचं कसं? १९९० साली नॉर्मन टेबिट नावाच्या हुजूर पक्षाच्या बड्या नेत्यानं एक कसोटी सांगितली. क्रिकेटची मॅच लागली की तुम्ही कोणाच्या बाजूनं ओरडता? झालं, त्याच उन्हाळ्यात आपली टीम लॉर्ड्सवर. गूचनं ३३३ ठोकलेले. फॉलोऑन वाचवायला २४ हवेत, समोर शेवटचा गडी हिरवाणी, आणि कपिलनं हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार मारले. मी स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन धावत आले ती अशी किंचाळले की शेजारच्या बाई दार वाजवून विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना? टेबिटसाहेबांच्या परीक्षेत मी त्या दिवशी नापास. (मॅच आपण हरलोच, ते सोडा.) पुढं सरकारनं नागरिकत्वासाठी लेखी परीक्षाच काढली, २४ प्रश्न, १८ बरोबर आले की पास. तीत मी उत्तम गुण मिळवले. म्हणजे नक्की काय कळलं माझ्याबद्दल?

माझी कसोटी वेगळी आहे आणि ती मला आमच्या महाराष्ट्र मंडळानं शिकवली. गावाचं नाव घेत नाही, ही भाषणं यूट्यूबवर टाकतात आणि तिकडं बघतात.

मंडळ सुरू झालं सात कुटुंबांवर. चर्चचा हॉल भाड्यानं घ्यायचा, येशूच्या चित्राखाली टेबल मांडून त्यावर गणपती. पुऱ्या तळायला घेतल्या की धुराचा अलार्म वाजायचा, म्हणून एक जण कायम स्टुलावर उभा राहून अलार्मखाली टॉवेल हलवायचा. त्या ड्युटीला ‘चवरी ढाळणं’ म्हणायचे. या सगळ्याचे कर्तेधर्ते तात्या. १९७१ साली गिरगावातून आलेले इंजिनियर. मंडळाच्या पावतीपुस्तकावर पहिली सही त्यांची.

मग आयटीवाली मुलं आली. हिंजवडीतून थेट. दोन वर्षांत ती आमच्या दुप्पट झाली. त्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, ढोल-ताशा पथक काढलं, आणि एका वर्षी लीस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून गोठवलेले मोदक आणले. गोठवलेले! तात्यांनी एक मोदक उचलला, प्लेटवर टक्कन आपटून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला. त्या ‘टक्’नंतर मंडळात फूट पडली.

त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक लागली. तोवर अध्यक्ष निवडायची पद्धत म्हणजे तात्या म्हणायचे, ‘मग यंदाही मीच का?’ आणि आपण म्हणायचं, ‘तात्या, तुम्हीच!’ आता समोर एक तिशीतला मुलगा उभा राहिला. तात्यांनी घटनादुरुस्ती मांडली. सलग तीन वर्षं वर्गणी भरलेल्यालाच मत. कारण? मी त्यांचे शब्द सांगते, सभेत मीच इतिवृत्त लिहीत होते. ‘या मुलांना आपली संस्कृती कळत नाही.’

आता बघा. तात्यांनी मुंबई सोडली त्याला पन्नास वर्षं होत आलेली. ही पोरं गेल्या वर्षी पुण्याहून आलेली, अजून त्यांच्या बॅगांना चितळ्यांच्या बाकरवडीचा वास. आणि संस्कृती कोणाला कळत नाही, तर त्यांना! तात्यांची संस्कृती म्हणजे १९७१ चं गिरगाव, बर्फात घालून ठेवलेलं. म्हणजे खरा गोठवलेला मोदक कोणता? हे मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते, तुम्ही तिकडं कळवणार नाही.

ठराव पास झाला. दोन वर्षांनी सभासदयादी तपासली, तर तात्यांचीच एका वर्षाची वर्गणी राहिलेली. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गडबडीत. त्यांच्याच नियमानं त्यांना मत नाही. मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले आणि म्हणाले, ‘नियम म्हणजे नियम.’ त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस इंग्रज झाला! दाराशी उभं राहून मागून येणाऱ्याकडं पावती मागायला लागलं, की समजावं, मिसळला.

…काय? अध्यक्षांची चिठ्ठी आहे. ‘दहा मिनिटे. कृपया विषयावर यावे.’ अहो, मी विषयावरच होते! बरं, पळते आता.

हुजूर पक्षाचा आणि आपला संबंध जुना आहे. १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी दादाभाई नौरोजींना जाहीर सभेत ‘काळा माणूस’ म्हणाले, दादाभाई १८९२ साली लिबरल पक्षाकडून निवडूनही आले. त्यानंतर तीनच वर्षांनी सॉल्झबरींच्याच पक्षातर्फे मुंबईचे मंचरजी भावनगरी लंडनच्या बेथनल ग्रीनमधून खासदार झाले. नेता मात्र पक्षातली मोठी माणसं आपापसात ठरवायची, आमच्या तात्यांसारखंच. नेतेपदासाठी पहिलं मतदान झालं १९६५ साली, आणि तेही फक्त खासदारांचं. हीथना १५०, मॉडलिंगना १३३ आणि इनॉक पॉवेलना १५. या पॉवेलनी १९६८ साली बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं, हीथनी त्यांना पक्षाच्या नेतृत्वफळीतून काढलं. १९७२ मध्ये इदी अमीननं हाकललेल्या युगांडातल्या आशियाई लोकांना हीथच्याच सरकारनं आत घेतलं. त्या वेळी लीस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, इकडं येऊ नका म्हणून. आले! २०२४ साली हुजूर पक्ष १२१ जागांवर आपटला, तेव्हा मजूर पक्षाकडून त्यांनी एकच जागा हिसकावली. लीस्टर ईस्ट, उमेदवार शिवानी राजा. खासदारकीची शपथ त्यांनी गीतेवर हात ठेवून घेतली.

आता मुद्दा. १९९८ च्या नियमानं खासदार गाळून गाळून दोन नावं ठेवतात आणि त्यातलं एक पक्षाचे वर्गणीदार निवडतात. २०२२ च्या पहिल्या फेरीत आठ उमेदवार होते. त्यांत ऋषी सुनक, बगदादमध्ये जन्मलेले नदीम झहावी, लागोसमध्ये वाढलेल्या केमी बेडनॉक आणि सुएला ब्रेव्हरमन. या सुएलाबाईंचे वडील मूळचे गोव्याचे, फर्नांडिस! केनियामार्गे आलेले. त्याच बाई वर्षभरानं गृहमंत्री म्हणून वॉशिंग्टनला जाऊन सांगून आल्या की बहुसांस्कृतिकता फसली. त्यांच्या आधीच्या गृहमंत्री प्रीती पटेल. आईवडील युगांडातून आलेले गुजराती. बाईंनी गुणांवर व्हिसा देण्याचा कडक नियम आणला, आणि या नियमानं तुमचे आईवडील आत आले असते का, असं विचारल्यावर कदाचित नसते आले, हे कबूलही केलं. मला तर मागच्या रांगेतले तात्याच आठवले. गंमत म्हणजे त्या नव्या पद्धतीनंतर दोनच वर्षांत देशात येणाऱ्यांची निव्वळ संख्या ९ लाखांवर गेली, आणि पक्षातलं पुढचं सगळं भांडण त्यावरच पेटलं.

तर सुनक विरुद्ध लिझ ट्रस. ट्रसना ८१,३२६ मतं, सुनकना ६०,३९९. इकडं भारतात सगळे म्हणाले, रंग आडवा आला. थोडा आला असेल, पस्तीस वर्षं काउंटरवर उभी राहिलेली बाई मी, नाही कशी म्हणू. पण आमचे तात्या थॅचरबाईंपासून पक्षाचे वर्गणीदार. मी विचारलं, ‘तात्या, ऋषीलाच दिलंत ना मत?’ म्हणाले, ‘छे! त्यानं कर वाढवले.’ त्यांनी ट्रसना मत दिलं होतं. ५ सप्टेंबरला निकाल. ट्रसबाई पंतप्रधानपदावर गणपतीत बसल्या आणि दिवाळीत उठल्या. ऐन लक्ष्मीपूजनाला सुनक बिनविरोध नेते झाले, कारण उमेदवारीला शंभर खासदारांचा पाठिंबा लागत होता, बोरिस जॉन्सननी आधीच माघार घेतली आणि पेनी मॉर्डंटना तेवढा पाठिंबा जमला नाही. वर्गणीदारांपर्यंत पेटी गेलीच नाही. म्हणजे रोज बरोबर काम करणाऱ्यांनी स्वीकारलं आणि गावोगावच्या सभासदांनी नाकारलं, असं मी तेव्हा लोकांना ठासून सांगायची.

आणि दोन वर्षांनी तोंडावर पडले. २ नोव्हेंबर २०२४ ला त्याच सभासदांनी बेडनॉकना ५३,८०६ मतं दिली आणि रॉबर्ट जेनरिकना ४१,३८८. सोळाव्या वर्षी नायजेरियातून परत येऊन मॅकडोनाल्ड्समध्ये काम केलेली ही बाई. प्रचारात तिनं लिहिलं होतं की सगळ्या संस्कृती सारख्याच मोलाच्या नसतात, आणि सीमा ओलांडली म्हणून माणूस जुनी वांशिक वैरं आपोआप खाली ठेवत नाही. तात्यांच्या ठरावाची भाषा, जशीच्या तशी! मला यातलं सगळं पटत नाही. जो दारातून आत आला त्यानं बिजागरीला जरा तेल घालावं, असं माझं मत. पण सभासदांना तिच्यात आपला द्वारपाल दिसला, आणि द्वारपालाचा रंग मग त्यांनी पाहिला नाही. हे मिसळणं चांगलं की वाईट, यावर माझी चार पानं आहेत, ती आता वाचत नाही.

आभार मानणारे उठलेच. एक मिनिट, कासवाचं राहिलं! या पक्षाचा सभासद व्हायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. २०२२ साली वर्षाला २५ पौंड भरून तीन महिने झाले असले की झालं, देशाचा पंतप्रधान ठरवायला मत. नोंदणी किती ढिसाळ आहे ते दाखवायला टॉर्टस नावाच्या वृत्तसंस्थेनं आर्ची नावाच्या एका खऱ्या कासवालाच सभासद करून घेतलं. मी ते कात्रण घेऊन तात्यांकडं गेले. म्हटलं, बघा तुमच्या पक्षाची तऱ्हा, कासवालासुद्धा पावती दिली. तात्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

‘कासव असू दे,’ म्हणाले, ‘वर्गणी वेळेवर भरली होती ना?’