आधी नट मोजा, मग पेटी घ्या

नमस्कार श्रोतेहो.

नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत जा किंवा मोबाइलवर शोधा, कारच्या हत्यारांची पेटी नगांच्या आकड्यावर विकली जाते. 46 नग, 108 नग, दोनशेच्या वर नग. यातली सगळ्यांत स्वस्त आणि भरपूर खपणारी 46 नगांची छोटी पेटी उघडून मोजून बघा. गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, साधारण 13 निघतात, 4 मिलिमीटरपासून 14पर्यंत. उरलेली बहुतेक भरती स्क्रूड्रायव्हरच्या बिटांची. त्यातही 4, साडेचार आणि 5च्या गोट्यांना कारमध्ये जवळपास काम नाही. उलट मारुतीच्या बहुतेक गाड्यांना चाकाचा नट 19चा, ह्युंदाईला 21चा. म्हणजे भर रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली, की ही पेटी डिकीत नुसती खुळखुळणार.

म्हणून दुकानात जाण्याआधी बोनेट उघडा आणि कागद-पेन घ्या. बॅटरीच्या टर्मिनलचा नट, एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू, चाकाचे नट, ऑइलचा ड्रेन प्लग, म्हणजे इंजिन ऑइल सोडायचं बूच, एवढे लिहून काढले तरी पुरे. मारुती, होंडा, टोयोटा असेल तर 10, 12, 14 आणि 17 हे आकडे पुन्हा पुन्हा येतील. टाटा-महिंद्राच्या गाड्यांत 13चाही बराच वापर असतो. स्कोडा-फोक्सवॅगनला बऱ्याच ठिकाणी चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात, त्यांना साधी सहा कोनांची एलन की कोंबली की खाच गेलीच म्हणून समजा.

आता ड्राइव्ह, म्हणजे गोटी ज्या चौकोनावर बसते तो. पाव इंची, तीन सुती (3/8 इंची) आणि अर्धा इंची असे तीन प्रकार नेहमीचे. पाव इंचीचा चौकोन 6.35 मिलिमीटर, अर्धा इंचीचा 12.7. जाडी दुप्पट, पण पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. धातू तोच असला तरी आठपट. पाव इंची रॅचेटने, म्हणजे दातांमुळे एकाच बाजूला पकडणाऱ्या दांड्याने, चाकाचा नट सोडवायला गेलं की रॅचेट तुटतं ते यामुळे. त्यात हत्याराचा दोष नाही.

चाकाचा नट साधारण 100 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. 100 न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे 10 किलोचा जोर. गाडीसोबत आलेला पाना पाव मीटरचा असेल तर तिथे 40 किलो लागतात, अर्ध्या मीटरच्या दांड्याला 20. टायरवाल्याने हवेच्या गनने नट आवळले असतील तर याच्याही वर. मग लोक पान्यावर उभे राहतात, पाना निसटतो आणि नडगी फुटते. त्यापेक्षा अर्धा इंची ड्राइव्हचा 18 इंची बिनरॅचेटचा दांडा घ्या, ज्याला ब्रेकर बार म्हणतात, आणि सोबत तुमच्या नटाची एकच गोटी. पेटीतलं सगळ्यांत उपयोगाचं हत्यार हेच, आणि स्वस्त पेट्यांत नेमकं हेच नसतं.

गोटी सहा कोनांचीच मागा. बारा कोनांची पटकन बसते खरी, पण तिचा जोर नटाच्या कोपऱ्यांवर येतो. गंजलेला नट असला की कोपरे घासून तो गोल होतो, आणि मग छिन्नी-हातोडा. गंजलेल्या नटावर आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा शिक्का पाहून भुलू नका, शिक्का कशावरही मारता येतो. खिशात 10 आणि 12चा एकेक बोल्ट घेऊन जा. पाना त्यावर चढवून हलवून बघा. तो डुगडुगत असेल तर ठेवून द्या. रॅचेटमध्ये 24 दात असतील तर दर 15 अंशांना पकड मिळते, 72 असतील तर 5 अंशांना. अडचणीच्या जागी 72 बरं, पण दात बारीक असतात. अगदी स्वस्तात 72 दातांचं मिळालं तर मी तरी घेणार नाही. मोठ्या दातांचं घ्या, आणि घट्ट नट आधी ब्रेकर बारने सैल करून मगच रॅचेट लावा.

सुटं घ्यायचं तर यादी छोटीच आहे. एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड असे पाने 8, 10, 12, 13, 14, 17 आणि 19चे. नाशिकच्या टपारियाचे पाने हार्डवेअरच्या दुकानात सुटेही मिळतात. तीन सुती रॅचेट, 6 इंची एक्स्टेन्शन, 10, 12, 14, 17च्या गोट्या. दोन नंबरचा फुली स्क्रूड्रायव्हर, एक चपटा, पक्कड, नोज प्लायर. स्क्रू पाना शेवटी, पैसे उरले तर.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं मीटर, मात्र टाळू नका. नागपूरचा उन्हाळा 45च्या वर जातो आणि बॅटरीचं आयुष्य तिथेच झिजतं. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर बंद असताना 12.6 आलं तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 यायला हवं. तेव्हाही 12च दिसत असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासा. लाल वायर मीटरच्या 10 अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर व्होल्टेज मोजताना शॉर्ट होतो, तेवढं पाहून घ्या.

बॅटरी काढताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर. लावताना तीच शेवटी. उलट केलं आणि लाल टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा आणि वर व्हॅसलीन लावा.

जॅकबद्दल एक सांगायचंच आहे. गाडीसोबतचा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी. खाली शिरायचं असेल तर गाडी टेकवून ठेवायचे दोन जॅक स्टँड लागतात. स्टँडला पैसे नसतील तर गाडीखालचं काम गॅरेजवर सोडा. मे महिन्यात डांबर मऊ पडतं, जॅकचा पाय त्यात रुततो आणि गाडी कलते. पेव्हर ब्लॉकवरही ठोकळा तिरका होतो. जॅकखाली फूटभर लांब-रुंद जाड प्लायवूडची फळी ठेवा, हँडब्रेक ओढा, तिरक्या समोरच्या चाकाला वीट लावा. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. बसवताना आधी हाताने आटे लावा, नटाची निमुळती बाजू आत, आणि आवळताना एक सोडून समोरचा असं फिरा.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंत नट आवळायचा पाना, नंतर सवडीने घ्या. घेतलात की नट सोडायला वापरू नका, आणि काम झालं की आकडा अगदी खाली आणून ठेवा, नाहीतर स्प्रिंग बिघडते. पावसाळ्यात पान्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. डिकीत मात्र ब्रेकर बार, एक गोटी, 10चा पाना, पक्कड, टॉर्च आणि ती फळी एवढंच पुरतं. बाकी पेटी घरी.