नवऱ्यांची पुस्तकं आणि बायकांची पुस्तकं

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वाचक मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, "सध्या काय वाचताय?" असं विचारून तुम्ही मला इथे उभं केलंत, आणि माझी यादी निघाली जुन्या पुस्तकांची. नवं अगदीच वाचलं नाही असं नाही. कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचली. धरणापायी उठलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस आणायला एक माणूस परत जातो आणि तिकडे ती म्हैस रानटी झालेली असते. एवढ्याशा गोष्टीवर आख्खी कादंबरी उभी केलीय. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला तो योग्यच होता. वाचा. पण आज बोलायचंय ते दुसऱ्याच पुस्तकांबद्दल, लेखकांच्या बायकांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांबद्दल, आणि त्याची सुरुवात झाली 'स्वामी'पासून.

रणजित देसाईंची 'स्वामी', माधवराव पेशव्यांवरची कादंबरी, १९६२ साली आली. आमच्या वेळी लग्नात आहेर म्हणून जी पुस्तकं यायची त्यात ही ठरलेली. काही घरांत दोन-दोन प्रती असायच्या, दोन्ही कोऱ्या करकरीत, कारण वाचायची ती वाचनालयातली! पुढे दूरदर्शनवर मालिका आली, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव दिसले, आणि माधवराव-रमाबाई म्हणजे आदर्श जोडपं हे घराघरात पक्कं झालं.

यंदा ती पुन्हा वाचली. थेऊरच्या प्रकरणांशी आल्यावर पूर्वीसारखीच रडले, हे आधी सांगून टाकते. क्षयानं झिजलेला सत्तावीस वर्षांचा पेशवा, चिंतामणीचं देऊळ, १७७२चा नोव्हेंबर. देसाईंची भाषा तिथे वाचणाऱ्याला हातचा सोडत नाही. पण या खेपेला हातात पेन्सिल होती, आणि रमाबाई आल्या की मी समासात बारीक खूण करत होते. रमाबाई काय काय करतात? वाट पाहतात. पान लावतात. रुसतात, मग हसतात. काळजी करतात. आणि शेवटी सती जातात. ते सती जाणं असं सजवून लिहिलंय की ते काय आहे हे क्षणभर विसरायला होतं. खऱ्या रमाबाईंबद्दल कागदपत्रांत फारच थोडं सापडतं. त्यांचं मन, त्यांचं बोलणं हे बहुतेक सगळं कादंबरीकाराचं. म्हणजे एका पुरुषानं रंगवलेली आदर्श बायको आम्ही बायकांनीच डोक्यावर घेतली. गंमत आहे की नाही?

आता त्याच कपाटातलं दुसरं पुस्तक. 'नाच गं घुमा', माधवी देसाई, १९८८. भालजी पेंढारकरांची मुलगी. पहिलं लग्न गोव्यातलं, नवरा गेला, पदरात मुली, आणि पुढे लग्न झालं ते थेट 'स्वामी'काराशी. कोवाडचा वाडा, सततचा राबता, पाहुण्यांच्या पंगती आणि त्या सगळ्यात तिची होत गेलेली घुसमट. शेवटी ती बाहेर पडते. पुस्तक आलं तेव्हा रणजित देसाई हयात होते. केवढा गहजब झाला होता, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल.

माझं मत विचाराल तर पुस्तक म्हणून ते सलग उतरलेलं नाही. घाईनं लिहिलंय, दुःख ताजं असताना लिहिलंय, आणि काही ठिकाणी बाई स्वतःची बाजू मांडण्यातच अडकतात. पहिल्या भागातलं, भालजींच्या घरातलं आणि गोव्यातलं लिखाण मला जास्त आवडलं. तिथे त्यांना कुणाला काही पटवून द्यायचं नाही. पण हे पुस्तक वाचल्यावर 'स्वामी' पूर्वीसारखी वाचता येत नाही, आणि हे त्याचं मोठं काम. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा. आधी 'स्वामी', मग 'घुमा'. उलटं वाचलंत तर 'स्वामी'वर अन्याय होईल.

'आहे मनोहर तरी'कडे येते. १९९०, मौज प्रकाशन, पु. ल. देशपांड्यांच्या पत्नी सुनीता देशपांडे. आपल्या वाचनालयाची प्रत मी नेली होती. ती प्रत म्हणजे एक वेगळंच पुस्तक आहे. पानोपानी वाचकांचे शेरे. एका पानावर कुणीतरी निळ्या शाईनं लिहिलंय, "एवढा त्रास होता तर सोडायचं होतं!" आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं, दुसऱ्या अक्षरात, "तुमच्या सौ.ना विचारा." ग्रंथपालबाई, पुस्तकावर लिहू नये हे खरं, पण ती प्रत तेवढी रद्दीत काढू नका.

हे शेरे पाहिले की कळतं, आपण ते पुस्तक कसं वाचलं. पुलंवर आरोपपत्र म्हणून वाचलं. पु. ल. आपले सगळ्यांचे लाडके, त्यांच्याबद्दल घरातलंच माणूस असं बोलतं म्हणजे काय! कोण खरं, कोण खोटं, यातच आपण रमलो. प्रत्यक्षात या पुस्तकातला उत्तम भाग पुलंबद्दलचा नाहीच. रत्नागिरीचं माहेर, बेचाळीसची चळवळ, १९४६ सालचं ते नोंदणी पद्धतीचं लग्न, ज्याचा खर्च म्हणजे आठ आण्यांचा छापील फॉर्म. हिशेब, मुद्रितं, नाटकांच्या परवानग्या, देणग्या, सगळ्यावर या बाईची करडी नजर. आणि तीच नजर त्या स्वतःवर रोखतात. आपण कुठे हट्टी झालो, कुठे कठोर झालो, कुणाला दुखावलं, हे त्या लिहितात आणि स्वतःला सहज सोडत नाहीत. आत्मचरित्राला मी लावते ती हीच कसोटी. नवऱ्याबद्दल काय लिहिलंय त्यापेक्षा लिहिणारी स्वतःशी किती कडक आहे, ते मी बघते. सुनीताबाई उत्तीर्ण. फक्त काही ठिकाणी त्या इतका विचार करतात की वाचणाऱ्याची दमछाक होते. एखाद्या प्रसंगाची इतकी चिरफाड होते की प्रसंगच हातून निसटतो. हा दोष मी मोकळेपणानं मानते.

मल्लिका अमरशेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' यांच्याही आधीचं, १९८४चं. शाहीर अमरशेखांची मुलगी, नामदेव ढसाळांची बायको. नाव वाचूनच काही जणी ते घरी न्यायला बिचकतात. मला ते एका बैठकीत वाचवलं नाही. मधे ठेवून द्यावं लागलं. त्यावर सावकाश, वेगळं बोलायला हवं, आज घाईत नको. एवढंच लक्षात घ्या, की या तिन्ही बायकांनी नवरा हयात असताना, तोही नावाजलेला असताना लिहिलं. मग त्याच महाराष्ट्रात त्यांना राहायचं होतं, त्याच लोकांना भेटायचं होतं.

आणि या सगळ्यांची आजी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागानं आली. शाळेत एक धडा असतो, तेवढ्यावर आपण समजतो की वाचलं. नाही वाचलेलं. वडलांचं सोवळं असं, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. नवरा, नारायण वामन टिळक, मोठा कवी, पण तापट आणि उधळ्या. खिशात पैसा टिकायचा नाही, न सांगता घरातून निघून जायचा. १८९५ साली तो मुंबईत ख्रिस्ती झाला. बाई कोसळल्या. पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या, आणि काही वर्षांनी, हळूहळू, स्वतःच्या विचारानं पुन्हा त्याच्याकडे गेल्या.

आता बघा, तक्रारीला या बाईइतका मालमसाला दुसऱ्या कुणाकडे होता? पण त्या हसतात. टिळकांना हसतात, सासऱ्यांना हसतात आणि सगळ्यात जास्त स्वतःला हसतात. आणि त्या हसण्यात नवऱ्याला माफीही नाही बरं का. टिळकांचा एकेक पराक्रम त्या इतक्या बिनदिक्कत सांगतात, की आपण हसता हसता थबकतो. अरे, हे भयंकर आहे! त्यांनी कुठेही तसं म्हटलेलं नसतं. लहान, साधी वाक्यं. अलंकार नाहीत. ज्या बाईला नवऱ्यानं लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकवलं, तिनंच त्याच्या मागे त्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य पुरं केलं. कुणाला राग येवो, पण गद्यलेखक म्हणून मला या घरातली बायको नवऱ्याहून मोठी वाटते.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायला सांगितलंय, तर एक शेवटचं. 'स्मृतिचित्रे' नेणार असाल तर प्रत नीट बघून न्या. तिच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघालेल्या आहेत, आणि कापताना बारीकसारीक प्रसंगच आधी जातात, ज्यात बाईंचा खरा हात आहे. संपूर्ण आवृत्तीच मागा. आपल्याकडे नसेल तर मागणीवहीत लिहा. माझं नाव तिथे आधीच आहे, त्याच्याखाली सही केलीत तरी चालेल.